कोच वाईट की वर्ष वाईट? हिशेब कसा मांडावा

प्रश्न वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाला तीन वर्षं एकच कोच आहे. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, दुसऱ्या वर्षी उपविजेते. यंदा ११ सामन्यांत ३ जिंकलो, २ बरोबरीत सुटले, ६ हरलो, त्यातले शेवटचे ४ सलग. यंदा स्ट्रायकर गोव्यात नोकरीला लागला, गोली मुंबईला गेला, दोन डिफेंडर बोटीवर. समितीत दोन तट पडलेत. काढावा की ठेवावा, हे कोणावर अन्याय न होता कसं ठरवायचं?"

पुढचं वाचण्याआधी माझी बाजू कळलेली बरी. चोवीस वर्षं मी सिंधुदुर्गात पोरांना फुटबॉल शिकवतोय. या काळात मला दोनदा काढलं आणि एकदा हार घालून परत आणलं. हार पडला त्या वर्षीचं माझं काम सगळ्यात सुमार होतं. ते मला ठाऊक होतं, बाकी कोणाला नव्हतं.

आधी शब्दाचं बघू. टीव्हीवर इंग्लंडचे सामने बघून आपली पोरंही हल्ली 'मॅनेजर' म्हणायला लागलीत. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे स्पर्धेची एन्ट्री फी भरणारा, आधार कार्डांच्या झेरॉक्स सांभाळणारा आणि मध्यंतराला लिंबाच्या फोडी वाटणारा माणूस. इंग्लंडात संघ तो निवडतो, डावपेच त्याचे, आणि पूर्वी तर कोणता खेळाडू घ्यायचा नि कोणता विकायचा हेही बऱ्याच अंशी तोच ठरवायचा. आता तिथेही ते काम बऱ्याच ठिकाणी स्पोर्टिंग डायरेक्टरकडे गेलंय. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तर पदाचं नावच हेड कोच. नावावरून मी इतकं अडून बसतो, कारण ज्याच्या हातात जेवढं, तेवढ्याचाच जाब त्याला विचारता येतो. म्हणून बैठकीत 'किती हरलो' हा विषय दुसरा घ्या. पहिला विषय, आपण त्याच्या हातात काय दिलं होतं.

तुम्ही बोटीवरच्या डिफेंडरांबद्दल एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबलो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत सरावाला वीस-बावीस पोरं येतात. बंदी उठली, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, की नऊ. एका ऑगस्टमध्ये मी एका सामन्याला दहाच जण उतरवले होते. अकरावा पोरगा बंदरावर जाळी उतरवून धावत आला तेव्हा बाविसावं मिनिट चालू होतं आणि आम्ही ०-२ मागे होतो. त्याच्या अंगाला बांगड्याचा वास तसाच होता. तो सामना आम्ही २-३ हरलो. दुसऱ्या दिवशी तिठ्यावर चहाच्या टपरीत माझ्या डावपेचांची चिरफाड झाली. बोटीचं नाव कोणी काढलं नाही.

इंग्लंडात हाच हिशेब पैशांत मांडला गेलाय. स्टेफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या क्लबांचा पगारावरचा खर्च आणि टेबलातली जागा अनेक वर्षांच्या पल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पल्ला लांब घेतला की जागांमधल्या फरकाचा बहुतेक भाग नुसत्या पगारांवरून सांगता येतो. जास्त पगार देणारा वर, कमी देणारा खाली, मॅनेजर कोणीही असो. मॅनेजरचं स्वतःचं कर्तृत्व बघायचं ते या रांगेत लागलेल्या नंबरापेक्षा संघ किती वर गेला किंवा किती खाली घसरला त्यात. लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये १४वा होता. पुढच्याच मोसमात क्लाउडिओ रानिएरी यांच्या हाताखाली त्याने ८१ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. बुकींनी त्यावर आधी ५००० ला १ असा भाव लावला होता. रांगेतल्या नंबरापेक्षा इतकी लांब उडी क्वचितच दिसते. उलट ज्या क्लबचा पगार सगळ्यात मोठा, तो दुसरा आला तर मॅनेजरने चांगलं केलं की वाईट, हे वाटतं तितकं सोपं नाही.

आपल्याकडे पगाराची यादी नाही. पण रांग लावता येते. मी आमच्या मंडळात एक पद्धत पाडली. मोसम सुरू व्हायच्या आधी समितीतल्या प्रत्येकाने, कोणाशी न बोलता, स्पर्धेतल्या सगळ्या संघांची नावं चिठ्ठीवर लिहायची: खेळाडू बघता कोण पहिला, कोण दुसरा, आपण कितवे. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट खजिनदाराकडे. मोसम संपल्यावर फोडायचं. पहिल्या वर्षी पाकीट फोडलं तेव्हा जो गृहस्थ 'कोच बदला' म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, त्याच्याच चिठ्ठीत आम्ही आठांत सातवे होतो. प्रत्यक्षात पाचवे आलो. तो आवाज नंतर बसला. तुमचं पाकीट आता उशिरा भरणार, तरी भरा. यंदा गोली आणि स्ट्रायकर नसलेला संघ अकरा सामन्यांत किती जिंकेल असं तुम्हाला जूनमध्ये वाटलं असतं, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे लिहा.

आपल्या राज्यातलंच उदाहरण देतो. खालिद जमील यांनी मुंबई एफसी हा संघ २००९ पासून सात वर्षं सांभाळला. पैसा बेताचा, संघ बहुधा टेबलाच्या मध्यावर किंवा त्याखाली. त्यांचा खेळ कंटाळवाणा म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. २०१६ मध्ये त्यांची आणि क्लबची वाट वेगळी झाली. ते मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्याच मोसमात पदावनत होऊन, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलला जाऊन, पुन्हा वरच्या लीगमध्ये घेतला गेला होता. ऐजॉलने २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, ३७ गुण मिळवून जिंकली, मोहन बागान ३६ वर राहिला. मुंबई एफसी त्याच मोसमात तळाला जाऊन लीगबाहेर पडला. एका मोसमावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मी इतरांना सांगतो तसं इथे स्वतःलाही सांगतो. तरी सात वर्षं ज्याला सगळे 'साधारण' म्हणत होते, तो साधारणपणा त्या संघासाठी केवढा होता, हे तो गेल्यावर दिसलं.

आता माझ्या वहीकडे येतो.

माझ्याकडे शाळेची दोनशे पानी वही असते. सामन्याला मी डावपेचांचे बाण काढत नाही, त्यात संधी लिहितो. पाच रकाने: मिनिट, कुठून, पाय की डोकं, मध्ये किती माणसं, आणि शेवटी भाव. भाव रुपया-पैशांत. पूर्ण गोल म्हणजे एक रुपया. पेनल्टीचा भाव पंच्याहत्तर पैसे, कारण चारातल्या साधारण तीन आत जातात. सहा यार्डांच्या आतून, समोर एकटा गोली असेल तर चाळीस-पन्नास पैसे. बॉक्समधून पण गर्दीतून मारलेला फटका दहा पैसे. बॉक्सच्या बाहेरून लांबून मारलेला तीन-चार पैसे, मग तो कितीही झोकदार दिसो. टीव्हीवर ज्याला एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल म्हणतात, ते हेच. त्यांच्याकडे संगणक आहे आणि लाखभर फटक्यांची नोंद आहे, माझ्याकडे बॉलपेन आहे. आपल्या कामापुरतं बॉलपेन पुरतं.

एक पान उलगडून दाखवतो. सावंतवाडीच्या बाजूचं मैदान, ऑगस्ट, पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट धुक्यातल्या दोन काठ्यांसारखा. सातव्या मिनिटाला आमचा हेडर, सहा यार्डांवरून, गोलीने कसाबसा ढकलला: ३० पैसे. एकोणिसाव्याला आमचा विंगर गोलीला चकवून गेला, चेंडू मोकळ्या गोलात सोडला, आणि चेंडू रेषेच्या हातभर अलीकडे डबक्यात रुतून बसला. मी तो भाव ६० पैसे लावला. चिखल नसता तर नव्वद लावला असता. मग कॉर्नरवरचे दोन, एक बॉक्समधला पडता-पडता मारलेला, असे चिल्लर मिळून सत्तर पैसे. एकूण आमचे १ रुपया ६० पैसे. समोरच्यांचे पूर्ण सामन्यात २० पैसे. त्यातलाच एक तीस यार्डांवरून मारलेली फ्री किक, पाच पैशांची. ती चिखलात टप्पा पडून घसरली आणि आमच्या गोलीच्या ओल्या ग्लोव्ह्जमधून निसटली. सामना ०-१ हरलो. येताना टेम्पोत कोणी बोलत नव्हतं. मी वही उघडून गोलीला दाखवली. त्याने नुसता हातातला ग्लोव्ह पिळला.

हे पान बघून कोणी मला काढलं असतं तर ते चूक ठरलं असतं. पण त्याच वहीत दुसरं पानही आहे. ज्या वर्षी हार पडला त्या वर्षीचं. उपांत्य सामना आम्ही ३-० जिंकलो. वही म्हणते आमचे ७० पैसे, त्यांचे १ रुपया ४० पैसे. त्यांचे दोन फटके बारला लागले होते, आमचा एक गोल त्यांच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून गेला होता. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. बचावात मधोमध खिंडार होतं ते मला महिनाभर दिसत होतं आणि मी ते बुजवलं नव्हतं. पुढच्या दोन सामन्यांत आम्ही सात गोल खाल्ले.

मोठ्या क्लबांतही ही चूक होते, फक्त तिथे वही ठेवणारे पगारी असतात. कोच युर्गन क्लॉप यांचा डॉर्टमुंड हा क्लब २०११ आणि २०१२ मध्ये जर्मनीचा विजेता, २०१३ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात. आणि २०१४-१५ च्या हिवाळी सुट्टीला अठरा संघांत १७वा. वर्तमानपत्रांनी क्लॉप संपला असं लिहून टाकलं. क्लबने मोसम संपेपर्यंत त्यांना ठेवलं, संघ ७वा आला. नंतर लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे इयन ग्रॅहम यांनी तो मोसम सामन्यागणिक तपासला, तेव्हा दिसलं की संधींच्या हिशेबात डॉर्टमुंड त्या जागेपेक्षा पुष्कळच चांगला खेळला होता, चेंडू तेवढा जाळ्यात जात नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलने क्लॉपना नेमलं. पुढे त्यांनी लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीगही जिंकून दिली आणि प्रीमियर लीगही.

वहीबद्दल एक सावधगिरी. ती कोचने स्वतः ठेवू नये, आणि कोचच्या मेव्हण्यानेही नाही. दोघांनी वेगवेगळी ठेवावी आणि सामन्यानंतर ताडून बघावी. आठ-दहा सामन्यांच्या आत तिच्यावरून निकाल काढू नये.

सलग चार पराभवांचं काय? तुमच्या समितीतला अर्धा राग या 'सलग'चा असणार, कारण चार पराभव मोसमभर विखुरले तर माणूस विसरतो, ओळीने आले तर त्याला दोष हवा असतो. एक नाणं घ्या आणि अकरा वेळा उडवा. त्यात कुठेतरी ओळीने चार काटे पडण्याची शक्यता चारातून एकापेक्षा थोडी जास्त आहे. वीस वेळा उडवलंत तर जवळपास निम्म्या वेळा अशी चारची ओळ दिसेल. फुटबॉलमध्ये बरोबरी असते, समोरचे संघ सारखे नसतात, त्यामुळे हे नाणं तंतोतंत लागू नाही. पण नाण्याला ना डावपेच असतात ना त्याचं ड्रेसिंग रूम फुटलेलं असतं, तरी ते ओळीने हरतं. तेव्हा त्या चारांत कोण समोर होतं ते आधी बघा. टेबलातल्या पहिल्या चारांपैकी दोन संघ असतील तर तुमच्या चार पराभवांतले दोन मी मोजणारच नाही.

मला पहिल्यांदा काढलं ते असंच. चार सामने हरलो, चारही त्या वर्षीच्या तगड्या संघांशी, आणि पाचव्याच्या आदल्या रात्री निरोप आला. बदली आलेला गृहस्थ पुढचे तीन सामने जिंकला. गावात एकच वाक्य: "बघलास? कोच बदललो आणि पोरां खेळाक लागली." त्या तीन सामन्यांत समोर टेबलातले शेवटचे तीन संघ होते हे कोणी बघितलं नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर कळलं की हा भ्रम फक्त आपल्या तिठ्यावरचा नाही. बास टेर वेल या डच अभ्यासकाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे मोसम तपासले. घसरगुंडीनंतर कोच बदलला की संघ सावरतो, हे खरं निघालं. मग त्याने तेवढीच घसरगुंडी झालेले पण कोच न बदललेले संघ शेजारी ठेवले. तेही तसेच सावरले होते. वाईट दिवस संपतात, आणि ते संपताना जो बाकावर बसलेला असतो त्याला श्रेय जातं.

रानिएरींची पुढची गोष्ट इथे येते. विजेतेपदानंतर नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, लेस्टरने त्यांना काढलं. संघ तेव्हा १७वा, पदावनतीच्या रेषेपासून एका गुणावर. सहायक क्रेग शेक्सपियर यांनी सूत्रं घेतली आणि लीगचे पहिले पाच सामने जिंकले, संघ १२वा आला. सगळे म्हणाले, निर्णय बरोबर. त्याच शेक्सपियर यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलं.

श्रेय कोणाचं हे तर आणखी गुंतागुंतीचं. आपल्या शेजारचंच बघा. एफसी गोवाने ३१ जानेवारी २०२० ला कोच सर्जिओ लोबेरा यांना काढलं. टेबलात गोवा तेव्हा पहिला होता! साखळीचे तीन सामने बाकी. क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रं घेतली, गोवा साखळीत पहिला राहिला, आयएसएलची लीग शील्ड जिंकली आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. शील्ड कोणाची म्हणायची? मी लोबेरांच्या बाजूने जास्त मोजतो, कारण पोरांच्या पायांत बसलेले पास दोन आठवड्यांत बसत नाहीत. पण मिरांडांनी तो चालता गाडा चिखलात जाऊ दिला नाही. फातोर्ड्याला सामने बघायला जाणाऱ्या बांद्याच्या, दोडामार्गच्या पोरांत यावर अजून भांडणं होतात.

सगळं नशिबावर ढकलून कोचला मोकळं सोडा, असं मात्र मी म्हणत नाही. भारतीय संघाचे तेव्हाचे कोच इगोर स्टिमाच यांचं प्रकरण मी यासाठीच नेहमी सांगतो. ११ जून २०२४, दोहा. विश्वचषक पात्रता, भारत कतारविरुद्ध छांगतेच्या गोलने पुढे. ७३व्या मिनिटाला कतारने बरोबरी केली, आणि चेंडू त्याआधी रेषेच्या बाहेर गेलेला स्पष्ट दिसत होता. गोल ग्राह्य धरला. भारत १-२ हरला, पात्रता गेली, आणि आठवडाभरात स्टिमाच गेले. फक्त त्या रात्रीवरून काढलं असतं तर मी भांडलो असतो. पण त्याच पात्रता फेरीत मार्चमध्ये आपण गुवाहाटीत, घरच्या मैदानावर, अफगाणिस्तानकडून १-२ हरलो होतो. त्याआधी त्यांच्याशी गोलशून्य बरोबरी. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य. जानेवारीतल्या आशियाई चषकात तीन सामने, तिन्ही पराभव, एकही गोल नाही. स्टिमाच यांची शिबिरांना पुरेसे दिवस मिळत नसल्याची तक्रार होती आणि ती रास्त होती. २०२३ मध्ये त्यांनीच दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकून दिली होती हेही खरं. पण महिनोन् महिने संघ खुल्या खेळातून गोलच करत नसेल, तर त्याला रेफरी जबाबदार नाही. दोहाचा गोल बाजूला ठेवूनही त्यांच्याविरुद्धचा कागद भरलेलाच होता. न्याय करायचा तर असाच: सगळ्यात बोचणारी घटना आधी बाजूला काढा, आणि उरलेल्यावर निकाल द्या.

मग कोचच्या हातात खरंच काय असतं? सामन्याच्या दिवशी फार थोडं. म्हणून मी म्हणतो, रविवारी मैदानावर कमी आणि बुधवारी सरावाला जास्त जा. समितीतले किती जण यंदा सरावाला गेले होते?

बुधवारी काय बघायचं ते सांगतो. साडेपाचचा सराव साडेपाचला सुरू होतो का. चेंडू किती आणि पोरं किती. वीस पोरं एका चेंडूमागे रांगेत उभी असतील तर तो सराव नव्हे, रेशनची लाईन आहे. चुकल्यावर कोच पोराला 'अरे मारायचा होतास ना' म्हणतो, की थांबवून कुठे उभं राहायचं ते हाताला धरून दाखवतो. कॉर्नर आणि फ्री किकचा वेगळा सराव आहे का. हा मुद्दा मी धरून बसतो, कारण गोलांतला पाव भाग किंवा थोडा जास्त अशा थांबलेल्या चेंडूवरून येतो, आणि हीच जागा अशी की जिथे समोरचा संघ श्रीमंत असो की गरीब, कोचचं काम सरळ दिसतं. तुमच्या अकरा सामन्यांत कॉर्नरवर किती खाल्ले ते मोजा. त्याच माणसाकडून, त्याच पहिल्या खांबाजवळ तीन खाल्ले असतील, तर तिथे कोचला सोडू नका.

तसंच शेवटच्या वीस मिनिटांत किती खाल्ले. फिटनेस यात दिसतो, आणि बदली खेळाडू वेळेवर उतरवतो की कपाळाला हात लावून बसतो तेही. जांभ्याच्या मैदानावर आणि चिखलात पळण्यातला फरक त्याने सरावात आणला का, हेही विचारा. स्नायू धरल्याने किती पोरं बाहेर बसली ते वेगळं मोजा. समोरच्याने पाय मोडला तर कोचचा दोष नाही, पण महिन्यात चार जणांची मांडीची शीर धरली तर वॉर्म-अपमध्ये काहीतरी चुकतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तीन वर्षांपूर्वी आलेली सोळा वर्षांची पोरं आज कशी खेळतात. ज्याला डावा पाय नव्हता त्याला आला का? गावच्या संघात पैसा नसतो, खेळाडू विकत मिळत नाहीत. तयार झालेला पोरगा हीच आपली कमाई. तुमचा स्ट्रायकर गोव्यात नोकरीला गेला म्हणालात. तो तिथे कुठल्या क्लबात खेळतोय का, ते विचारून बघा. खेळत असेल तर ती तुमच्या कोचच्या खात्यात जमा आहे, आणि तुम्ही ती खर्चाच्या बाजूला लिहून ठेवलीत.

बैठकीत कोणीतरी फर्ग्युसनचं नाव काढणारच. नोव्हेंबर १९८६ ला मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅनेजर म्हणून आले, पहिला चषक १९९० मध्ये, त्याच मोसमात लीगमध्ये १३वे, पहिली लीग १९९३ ला. म्हणून धीर धरा. मला हे उदाहरण आता नकोसं झालंय. फर्ग्युसनसारखा धीर मिळूनही काहीच न करू शकलेले किती असतील, त्यांची नावं कोणाच्या तोंडी नसतात. गोव्यात डेम्पो क्लबने कोच आर्मांडो कुलासो यांना दशकभराहून जास्त काळ सांभाळलं आणि २००५ ते २०१२ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेही खरं. पण डेम्पोने नुसता धीर धरला नव्हता, संघही चांगला बांधून दिला होता. बुधवारच्या सरावात काही घडताना दिसत असेल तर थांबा. काहीच दिसत नसेल तर तीन वर्षं खूप झाली.

जिंकत असला तरी ज्याला मी उद्या काढीन असा कोचही असतो. आमच्याच भागात एकाने सुजलेल्या गुडघ्यावर स्प्रे मारून पोराला अंतिम सामन्यात उतरवलं. चषक आला. पोरगा आता बोटीवरही नीट उभा राहू शकत नाही. पोरांना आईबहिणीवरून शिव्या देणारा, आपल्याच वाडीतल्या पोरांना जागा देणारा, स्पर्धेच्या बक्षिसाचा हिशेब न देणारा, यांच्यासाठी वही उघडायची गरज नाही.

आता तुमच्यासाठी. पुढच्या बैठकीला कोचला बोलवा, आणि तो येण्याआधी निर्णय घेऊन ठेवू नका. त्याला अकरा सामन्यांबद्दल सरसकट विचारू नका, तीनच विचारा: सहातल्या कोणत्या पराभवात तुझी चूक होती, ती नंतर सुधारायला सरावात काय बदललंस, आणि पुढच्या वर्षी आमच्याकडून काय हवं. पहिल्या प्रश्नाला जो 'रेफरी' आणि 'मैदान' एवढंच सांगेल त्याच्याबद्दल मला शंका येते. 'कणकवलीकडच्या सामन्यात मी पोराला उशिरा बाहेर काढलं' असं जो नेमकं सांगेल, तो मला हवा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल ठेवण्याकडे आहे. दोन चांगली वर्षं, मग गोली, स्ट्रायकर आणि अर्धा बचाव गमावलेलं तिसरं. पण मी तुमचा एकही सामना पाहिलेला नाही, बुधवारचा सराव तर नाहीच. तुम्ही पाहिलात आणि त्यात काहीच दिसलं नाही, तर माझ्या कलाला महत्त्व देऊ नका.

आणि काढायचंच ठरलं तर मोसम संपल्यावर, समोर बसवून सांगा, फोनवरून नको. मानधन किती महिन्यांचं थकलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. थकलं असेल तर बैठकीच्या आधी द्या.